फादरनी लग्न केलं : व्रत मोडलं की सुटलं?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. इंदूरच्या एका मिशन शाळेत तुम्ही सव्वीस वर्षं शिकवलंत. तिथले एके काळचे मॅनेजर फादर परवा सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडू (तळलेला कंद) खाताना तुम्हाला दिसले. बरोबर बायको आणि पाच-सहा वर्षांची मुलगी. तुम्ही हसलात, पण पाय पुढे पडेना. घरी आल्यावर यजमान म्हणाले, "शपथ मोडलेला माणूस तो, त्याच्याशी काय बोलायचं?" तेव्हापासून तुमच्या डोक्यात प्रश्न : फादर लोकांना ही शपथ असतेच का, शाळेतल्या सिस्टरांचीही तीच का, ती मोडली तर चर्च काय करतं, आणि पुन्हा भेटले तर त्यांना हाक काय मारायची.

मी सदतीस वर्षं धर्मगुरू आहे. मूळ श्रीरामपूरकडचा, शिक्षण पुण्यात नगर रोडच्या पेपल सेमिनरीत (फादर घडवणाऱ्या विद्यालयात), आणि नंतरची बहुतेक वर्षं इंदूर धर्मप्रांतात. त्यातली चौदा वर्षं धर्मप्रांताच्या न्यायालयात गेली, त्यामुळे असे कागद हातांखालून गेले आहेत. तुमच्या त्या फादरांचे गेलेले नाहीत, आणि गेले असते तरी बोललो नसतो. पण एक आधीच सांगतो : पुन्हा दिसले तर पुढे होऊन बोला. यजमानांनी जे गृहीत धरलं ते खरं असेलच असं नाही.

आधी गोंधळ निस्तरू. आपल्याकडे "पाद्री" म्हटलं की सगळे एकाच माळेत ओवले जातात. इंदुरात पांढरं चर्च प्रोटेस्टंट परंपरेचं, तिथले पाद्री संसारी असतात, आणि त्यात काही चुकीचं नाही. लाल चर्च, म्हणजे संत फ्रान्सिस असिसीचं कॅथेड्रल, कॅथलिकांचं; तिथले फादर अविवाहित. मराठी माणसाच्या मनातला ख्रिस्ती धर्मोपदेशक बहुधा रेव्हरंड टिळकांच्या रूपात असतो, आणि टिळकांच्या घरात तर लक्ष्मीबाई होत्या! त्यामुळे "तुमचे लोक लग्न करतात की नाही, एकदा नक्की सांगा" असं मला सुदामानगरच्या एका गणपतीच्या मांडवात विचारलं गेलंय.

आता कॅथलिक फादरांतही दोन जाती. (जात हा शब्द जपून वापरायला हवा, पण इथे चपखल बसतो.) एक धर्मप्रांताचे, माझ्यासारखे, बिशपांच्या हाताखालचे. दुसरे धर्मसंघाचे : जेज्विट, कॅपुचिन, किंवा १९३२पासून इंदूर मिशन ज्यांनी सांभाळलं ते एसव्हीडी (सोसायटी ऑफ द डिव्हाइन वर्ड). धर्मसंघाचे लोक तीन व्रतं घेतात : निर्धनता, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. सिस्टरांचीही हीच तीन. मी मात्र निर्धनतेचं व्रत घेतलेलं नाही. माझी स्कूटर माझ्या नावावर आहे, बँकेत थोडे पैसेही आहेत. मी दोन वचनं दिली : बिशपांना आज्ञापालनाचं, आणि आयुष्यभर लग्न न करण्याचं. लोकांना वाटतं, दुसरं वचन फादर होण्याच्या दिवशी देतात. तसं नाही. ते त्याआधी, डीकनपदाची, म्हणजे फादरच्या खालच्या पायरीची, दीक्षा घेताना दिलं जातं. त्याच्याही आधी उमेदवाराला स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून द्यावं लागतं, की मी हे स्वखुशीनं आणि समजून-उमजून करतोय. ती चिठ्ठी लिहिताना माझं पेन तीनदा अडलं होतं. आईचं वाक्य कानात होतं : "म्हातारपणी तुला भाकरी कोण थापून देईल रे?"

सिस्टरांचं वेगळं. त्यांना एकदम आजन्म व्रत घेऊ देत नाहीत. आधी किमान वर्षभराची नवदीक्षा, मग मुदतीची व्रतं : कमीत कमी तीन वर्षं, सहसा सहापर्यंत, फार तर नऊ. त्यानंतर आजीवन. मुदत संपली आणि वाटलं की हे आपलं नव्हे, तर मुलगी घरी जाते. तिनं काही मोडलेलं नसतं. तुमच्या शाळेतली एखादी तरुण सिस्टर दोन वर्षांनी दिसेनाशी झाली, तर कुजबुज करण्याआधी हे आठवा.

कॅनन कायद्यात, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्यात, व्रताची व्याख्या आहे : देवाला विचारपूर्वक आणि मोकळ्या मनानं दिलेलं, शक्य कोटीतल्या आणि अधिक चांगल्या गोष्टीचं वचन. यातला "मोकळ्या मनानं" हा शब्द फार महत्त्वाचा. मोठ्या अन्याय्य भीतीपोटी केलेलं व्रत कायद्यानं व्रतच नव्हे. "आमच्या घरातून एक तरी फादर द्यायचाच" असं म्हणणारे आईबाप मी पाहिलेत, आणि सेमिनरीत भरती करताना माझी पहिली नजर मुलापेक्षा त्याच्या वडिलांकडे असते.

आणि हे सगळं आलं कुठून? येशूनं सर्वांना अविवाहित राहा असं सांगितलेलं नाही. त्यानं आपल्या शिष्याच्या, पेत्राच्या, सासूचा ताप बरा केला. सासू होती म्हणजे बायकोही होती. बायबलातल्या मत्तयच्या १९व्या अध्यायात तो स्वर्गाच्या राज्याकरिता लग्नावाचून राहणाऱ्यांविषयी बोलतो, पण पुढे जोडतो, ज्याला हे पेलवेल त्यानं पेलावं. प्रेषित पौल स्वतः एकटा होता आणि तसं राहणं त्याला बरं वाटे. तरी करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना स्पष्ट लिहितो की अविवाहितांबद्दल मला प्रभूची आज्ञा नाही, मी माझं मत देतो. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंही १९६५मध्ये म्हटलं, की धर्मगुरुपदाच्या स्वरूपातूनच ब्रह्मचर्य अपरिहार्य ठरतं असं नाही. म्हणजे हा श्रद्धेचा सिद्धान्त नाही, शिस्त आहे. बदलू शकते. मात्र परंपरा जुनी. स्पेनमधल्या एल्विरा इथल्या सभेनं साधारण ३०५ साली विवाहित धर्मगुरूंनीही पत्नीपासून दूर राहावं असा नियम केला, आणि लॅटिन चर्चमध्ये, म्हणजे रोमच्या पाश्चात्त्य परंपरेच्या कॅथलिक चर्चमध्ये, धर्मगुरूचं लग्न लग्नच नव्हे, ही गोष्ट ११३९च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेत पक्की झाली.

मधल्या आठशे वर्षांत काय घडलं ते समजायला मराठी माणसाला एकच शब्द पुरे : वतन. कुलकर्ण्याचा मुलगा कुलकर्णी, जोशाचा मुलगा जोशी. युरोपात चर्चला जमिनी होत्या, फादरांना मुलं होती, आणि बापामागून मुलगा त्या जमिनीवर नि पदावर हक्क सांगू लागला. १०२२ साली पाव्हियाच्या सभेत तर धर्मगुरूंच्या मुलांना चर्चचे गुलाम ठरवण्यापर्यंत मजल गेली. तेव्हा ब्रह्मचर्यामागे निव्वळ अध्यात्म होतं असं मी सांगणार नाही. वेदीजवळ जाणाऱ्यानं सोवळ्यात असावं ही कल्पना होती, मालमत्ता होती, आणि खरोखर मनापासून एकटे राहणाऱ्या साधूंचं आकर्षणही होतं. तिन्ही धागे एकत्र वळले गेले.

पूर्वेकडची चर्चं या वाटेनं गेलीच नाहीत. तिकडे लग्न झालेला माणूस धर्मगुरू होऊ शकतो. धर्मगुरू झाल्यावर मात्र लग्न नाही, आणि बिशप अविवाहितच. रोमशी जोडलेल्या पौर्वात्य कॅथलिक चर्चांनाही ही मुभा आहे. युक्रेनी कॅथलिकांत बायकामुलं असलेले फादर सर्रास दिसतात. गंमत म्हणजे आपल्या शेजारचा उज्जैन धर्मप्रांत पौर्वात्यच, मूळ केरळातल्या सिरो-मलबार परंपरेचा आहे. पण तिथले फादरही ब्रह्मचारी, कारण केरळात १५९९च्या उदयंपेरूर सभेत पोर्तुगीजांनी धर्मगुरूंचं लग्न बंद केलं आणि ती सवय राहिली. म्हणजे इंदूरहून तासाभराच्या अंतरावर कायदा वेगळा, रिवाज मात्र एकच. आणि विवाहित डीकन तर लॅटिन चर्चमध्येही आहेत. मुंबईत कधी गेलात तर बाप्तिस्मा देणारे, प्रवचन करणारे, संध्याकाळी नातवंडांत बसणारे डीकन भेटतील.

इतिहास पुरे. लोक मला खरं विचारतात ते हे : राहता कसं?

पहिली आठ-दहा वर्षं सोपी असतात. तरुण फादर सगळ्यांना हवा असतो. गिटार वाजवतो, पोरांबरोबर क्रिकेट खेळतो, दर रविवारी कुणाकडे तरी जेवायला बोलावणं. अवघड काळ त्यानंतर, चाळिशीच्या आसपास. बरोबरीच्या मित्रांची मुलं दहावीला बसतात, आपल्या हाताला मात्र शाळेच्या फाइली. अंगाची भूक हा त्यातला एक भाग. ती असते आणि ती नाही असं सांगणारा खोटं बोलतो. पण माझ्यापाशी येऊन जे रडले त्यांच्या बोलण्यात ती क्वचितच पहिली आली. रात्री साडेनऊला गेट बंद करून वळल्यावर "आज काय झालं माहीत आहे का" असं सांगायला कुणी नसतं, हे पहिलं यायचं.

माझंच सांगतो. एक्केचाळिसाव्या वर्षी मी उदयनगरच्या बाजूला जंगलातल्या एका केंद्रावर एकटा होतो. शाळेतल्या एक बाई दुपारचा डबा पाठवायच्या, कधी स्वतः घेऊन यायच्या. काही महिन्यांनी लक्षात आलं की मी डब्याची वाट बघत नाही, डबा कोण आणतं त्याची बघतो. त्यांच्याकडून एक शब्द वावगा नव्हता. वळण माझ्या मनाला लागत होतं. माझे आध्यात्मिक मार्गदर्शक एक म्हातारे एसव्हीडी फादर होते. मला वाटलं होतं, ते उपास सांगतील, जपमाळ वाढवायला सांगतील. त्यांनी विचारलं, "रात्री जेवतोस कोणाबरोबर?" कुणाबरोबर नाही. "किती दिवस?" दोन वर्षं. ते उठले आणि माझ्यासमोर बिशपांना चिठ्ठी लिहिली की या केंद्रावर दुसरा फादर पाठवा. तो येईपर्यंत रात्री मी आमच्या धर्मशिक्षकाच्या घरी जेवायचं, पैसे देऊन. डबा शिपायाबरोबर यायला लागला, मग थांबला. व्रत कसं टिकतं याचं माझं सगळं शास्त्र त्या प्रश्नात आहे.

बाकीच्या गोष्टी वरकरणी कंटाळवाण्या आहेत. दिवसातून पाच वेळा ठरलेली प्रार्थना. दर दोन-तीन आठवड्यांनी पापनिवेदन, तेही ओळखीच्या माणसापाशी, म्हणजे पळवाट राहत नाही. वर्षातून एकदा काही दिवस एकांतात साधना; ती ऐच्छिक नाही, कायद्यानंच सांगितलेली. समुपदेशनाच्या खोलीला काचेचं दार. रात्री मोबाइल कुठे ठेवायचा याचासुद्धा नियम मी विद्यार्थ्यांना घालून देतो, आणि ते मला हसतात. आणि नातेवाईक! फादर झाला म्हणून भाऊ-बहीण, भाचरं यांच्यापासून तुटलेला माणूस धोक्यात असतो. समर्थ रामदास "सावधान" ऐकून बोहल्यावरून निघाले म्हणतात. पण आईच्या शेवटच्या दिवसांत ते जांबेला परत आले, हीही आठवण लोक जपतात.

पवित्र आठवड्यात बिशप आपल्या सगळ्या धर्मगुरूंना एकत्र बोलावून तेलं आशीर्वादित करतात, तेव्हा आम्ही दीक्षेची वचनं उजळणी करून पुन्हा देतो. कुणाकडे बघू नये असं ठरवूनही नजर फिरते : मागच्या वर्षी इथे उभा होता तो आज दिसत नाही.

एक गोष्ट माझ्या बांधवांना आवडणार नाही, पण लिहितो. कायद्यानं ब्रह्मचर्य शंभर टक्के पाळलेले आणि माणूस म्हणून वाळून गेलेले फादर मी पाहिलेत. शिक्षकांवर खेकसणारे, स्वयंपाकीणबाईला माणूस न मानणारे, खोलीच्या किल्ल्या कमरेला बांधून फिरणारे. स्टाफरूममध्ये तुम्हालाही असे भेटले असतील. बायकामुलांपासून वाचवलेलं प्रेम कुणालाच दिलं नाही, तर त्या बचतीचं करायचं काय? याच्या उलट उदाहरण इंदूरला नवं नाही. सिस्टर राणी मारिया १९९२मध्ये उदयनगरला आल्या, आदिवासींना सावकारांच्या कर्जातून सोडवण्यासाठी झटल्या, आणि २५ फेब्रुवारी १९९५ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांचा खून झाला. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीनं, त्याही त्याच संघातल्या सिस्टर, तुरुंगात जाऊन खुन्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ला इंदुरात राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, त्या सोहळ्याला तोही आला होता. त्यांच्या व्रताचा उपयोग काय हे उदयनगरच्या शेतकऱ्याला कॅनन कायद्यातून समजावावं लागत नाही.

(आज्ञापालन? ते मला ब्रह्मचर्याहून जड गेलं. बदलीचं पत्र तीन ओळींचं असतं.)

मुलांवरच्या अत्याचारांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण यजमानांच्या मनात ते असणार. लग्न न केल्यामुळे माणूस मुलांवर हात टाकतो असं मला वाटत नाही. असे गुन्हे संसारी घरांतही होतात. पण "फादर म्हणजे देवमाणूस" ही आमच्याभोवतीची भीतियुक्त भक्ती आणि वरिष्ठांनी प्रकरणं झाकणं, यानं गुन्हेगारांना आसरा मिळाला, हे कबूल करायलाच हवं. तो प्रश्न व्रतभंगाचा नाही, गुन्ह्याचा आहे. २०१२च्या पॉक्सो कायद्यानं माहिती मिळताच पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, बिशपांनासुद्धा, आणि शिक्षिकेलाही.

आता तुमच्या फादरांकडे येऊ. एखाद्या फादरला वाटलं की आपल्याला लग्न करायचंय, तर त्याच्यापुढे दोन रस्ते. एक, विवाह अधिकाऱ्यापुढे जाऊन विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करणं. सरकारच्या लेखी ते लग्न पक्कं, मुलं कायदेशीर. चर्चच्या लेखी मात्र ते लग्न नाही. पद सुटतं, शिक्षा होते, चर्चचे पवित्र संस्कार (कम्युनियन वगैरे) घेता येत नाहीत. दुसरा रस्ता अर्जाचा. फादर स्वतः पोपना लिहितो : मी का आलो, काय झालं, परत फिरणं का शक्य नाही. बिशप एका जाणत्या धर्मगुरूला चौकशीला नेमतात. बालपण, सेमिनरीतले अहवाल, बरोबरच्यांच्या साक्षी, असा दीडदोनशे पानांचा गठ्ठा रोमला जातो. ब्रह्मचर्याच्या बंधनातून मोकळं करण्याचा अधिकार बिशपांना नाही. तो फक्त पोपचा. १९८०च्या नियमांनंतर चाळिशीच्या आतल्या अर्जांना सहसा मोकळीक मिळत नसे. मी तयार केलेल्या एका अर्जाला उत्तर यायला तीन वर्षं लागली. ते आलं तेव्हा तो माणूस माझ्यासमोर बसून नुसता पाणी पीत राहिला, एकामागून एक चार ग्लास.

मोकळीक मिळाली की तो चर्चमध्ये लग्न करू शकतो, गाजावाजा न करता. मिस्सा (वेदीवरची मुख्य उपासना) अर्पण करू शकत नाही, प्रवचन देऊ शकत नाही, सेमिनरीत शिकवू शकत नाही. पण गुरुदीक्षेचा ठसा पुसत नाही. समजा, त्याच्यासमोर बस उलटली आणि कुणी मरणाच्या दारात आहे, तर चर्चचा कायदाच त्याला त्या माणसाचं पापनिवेदन ऐकायला मुभा देतो. कपडे उतरले, काम काढून घेतलं, खूण मात्र राहिली.

ताई, तुमच्या-माझ्या भाषेत या गोष्टीला सातशे वर्षांचा जुना दाखला आहे. विठ्ठलपंतांनी काशीला संन्यास घेतला. घरी बायको आहे हे कळल्यावर गुरूंनीच त्यांना परत संसारात पाठवलं. म्हणजे ज्यानं दीक्षा दिली त्यानंच मोकळं केलं. तरी आळंदीनं ते मानलं नाही. त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, आणि मुलांना "संन्याशाची पोरं" म्हणून मुंजीवाचून ठेवलं. त्या पोरांतलं एक ज्ञानेश्वर. आज आपण पालखीला डोकं टेकवतो, तेव्हा आळंदीकर चुकले हे सगळ्यांना पटतं. सराफ्यात उभं राहून ते सुचत नाही, एवढंच.

व्रत सोडणं हलकं आहे असं माझं म्हणणं नाही. ज्यानं आठ-दहा वर्षांच्या तयारीनंतर लोकांसमोर शब्द दिला, त्याच्या शब्दावर कुणी आपलं दुःख उघडं केलं, कुणी मुलं सोपवली. तो गेल्यावर त्या लोकांना खड्डा पडतो. माझ्या बॅचमधून तिघे गेले. त्यातल्या एकावर मी चार वर्षं रागावलो होतो, कारण तो न सांगता गेला. दुसऱ्यानं अर्ज केला, वाट पाहिली, मग लग्न केलं; त्याच्या घरी मी दिवाळीला जातो. तुमच्या फादरांनी कुठला रस्ता धरला हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं नसणार, आणि विचारायचं कारणही नाही.

राहिला हाक मारण्याचा प्रश्न. ते गणित शिकवायचे असं तुम्ही लिहिलंय. मग नावापुढे "सर" लावा. "फादर" म्हणू नका. सवयीनं तोंडात येईल, पण फादरपद सोडलेल्या दोघांच्या बायकांनी मला सांगितलंय की ती हाक ऐकली की आपण कुणाचं तरी काही चोरलंय असं त्यांना वाटतं. आणि बोलायला सुरुवात त्यांच्याशीच कशाला करता? आधी बायकोशी बोला. ती बिचारी गराडूची प्लेट हातात धरून, तुम्ही येता की वळता हे बघत असेल.